विषाणूला उंबरठ्यावर अडवणारं प्रथिन

ऑगस्ट 2009 मधलं पुणं ज्यांनी पाहिलंय, ते ते दिवस विसरणार नाहीत. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू 3 ऑगस्टला पुण्यात झाला आणि शहराचा नूरच पालटला. शाळा बंद, सिनेमागृहं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लांबलचक रांगा. मास्क मिळेना, तेव्हा लोक तोंडाला रुमाल किंवा ओढणी बांधून फिरत होते. त्या दिवसांत एक प्रश्न घरोघरी विचारला जायचा. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाला दोन दिवस कणकण येते आणि दुसऱ्याला थेट व्हेंटिलेटर लागतो, हे कसं काय?

या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. वय, गरोदरपण, मधुमेह, दमा, शरीरात गेलेल्या विषाणूंची संख्या, आधी होऊन गेलेले फ्लू, अशा कितीतरी गोष्टींचा त्यात हात असतो. पण उत्तराचा एक लहानसा आणि मला फार मोलाचा वाटणारा तुकडा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डमधून आला. अब्राहम ब्रास, स्टीफन एलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की आपल्या पेशींमध्येच एक चिमुकलं प्रथिन आहे आणि ते फ्लूच्या विषाणूला पेशीत शिरूच देत नाही. त्याचं नाव आयएफआयटीएम-3.

रोगप्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या पेशी येतात, अँटिबॉडी येतात, लस येते. ही सगळी फौज बाहेरून मदतीला येणारी आहे आणि नव्या विषाणूची ओळख पटून ती पुरेशा ताकदीनं उभी राहायला काही दिवस जातात. तोवर विषाणूची गाठ ज्या पेशीशी पडली आहे, तिनं काय करायचं? ती हातावर हात ठेवून बसत नाही. तिच्याकडे स्वतःची अशी सोय असते आणि हा लेख त्या सोयीबद्दल आहे.

आधी विषाणू आत कसा शिरतो ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय त्याला अडवायचं कसं हे कळणार नाही.

फ्लूचा विषाणू म्हणजे साधारण 100 नॅनोमीटरचा गोळा. माणसाच्या एका केसाच्या रुंदीत असे पाच-सातशे गोळे शेजारी शेजारी सहज मावतील. गोळ्यावर स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. हे आवरण त्याचं स्वतःचं नसतं, आधीच्या पेशीतून बाहेर पडताना तिचंच पटल तो अंगावर ओढून घेतो. या आवरणातून हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे खिळे बाहेर आलेले असतात. आपल्या घशातल्या आणि फुप्फुसातल्या पेशींच्या पृष्ठभागावर सायलिक आम्ल नावाची एक साखर असते. खिळे तिला चिकटतात. इथवर तो फक्त दाराला टेकलेला असतो.

पेशीचा एक स्वभाव आहे. ती सतत बाहेरचं काही ना काही गिळत असते. पटलाला आत खळगा पडतो, तो खोल होतो, वरून मिटतो आणि आत एक पिशवी तयार होते. तिला एन्डोसोम म्हणतात. दाराला चिकटलेला विषाणू या पिशवीत बसून आयता आत येतो. मात्र पिशवीत असणं म्हणजे पेशीत असणं नव्हे. पाहुणा ओसरीवर आला, माजघर अजून लांब आहे. पिशवी जसजशी आत सरकते तसतशी पेशी तिच्यात आम्ल भरत जाते. आंबटपणा जवळजवळ ताकाच्या आसपास जातो. पुढचा मुक्काम लायसोसोम, म्हणजे पेशीची कचरा पचवणारी भट्टी. तिथवर विषाणू पोचला तर संपलाच.

पण विषाणू नेमका या आंबटपणाचीच वाट पाहत असतो. आम्ल लागताच हिमॅग्लुटिनिनचा खिळा आपला आकार बदलतो. आत दडवलेलं त्याचं टोक झटकन बाहेर येतं आणि माशाच्या गळासारखं पिशवीच्या भिंतीत रुततं. मग खिळा मधोमध दुमडतो आणि दोन्ही आवरणं, विषाणूचं आणि पिशवीचं, एकमेकांजवळ ओढली जातात.

पुढे काय होतं ते समजायला मिसळीचा रस्सा डोळ्यांसमोर आणा. वर तर्रीचे गोल ठिपके तरंगत असतात. दोन ठिपके चमच्यानं जवळ आणले तर क्षणभर ते एकमेकांना टेकून थांबतात आणि मग एकदम एक होतात. विषाणूचं आवरण आणि पिशवीची भिंत अशीच एक होतात, फक्त तिथे हे दोन टप्प्यांत घडतं. प्रत्येक पटल दुपदरी असतं. आधी समोरासमोरचे पदर एकमेकांत मिसळतात. आतले पदर अजून शाबूत असतात, म्हणजे माल अजून बंदच असतो. या अर्ध्या जुळणीनंतर आतले पदरही जुळले की एक भोक पडतं, ते रुंदावतं आणि विषाणूच्या जनुकांचे आठ तुकडे पेशीच्या आत ओतले जातात. तिथून ते केंद्रकात जातात आणि पेशी विषाणूंचा कारखाना बनते.

विषाणूला अडवायची जागा त्या अर्ध्या जुळणीत आणि भोक पडण्यात जो क्षण आहे, तिथे आहे. आयएफआयटीएम-3 तिथेच उभं असतं.

हे प्रथिन शोधलं कसं, तीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रास यांच्या गटानं माणसाच्या हाडाच्या कर्करोगापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी घेतल्या. त्या बारीक खळग्यांच्या ताटल्यांमध्ये वाटल्या आणि प्रत्येक खळग्यातल्या पेशींमध्ये एकेका जनुकाचं तोंड बंद केलं. अशी सुमारे 18,000 जनुकं. मग सगळ्यांवर फ्लूचा विषाणू सोडला आणि कुठल्या खळग्यात किती पेशींना लागण झाली ते मोजलं. शेकडो खळग्यांत लागण कमी झाली. म्हणजे त्या खळग्यांत जे जनुक गप्प केलं होतं, त्याची विषाणूला गरज होती. अगदी थोड्या खळग्यांत मात्र लागण वाढली. तिथे जे गप्प केलं ते पेशीच्या बाजूनं लढणारं जनुक होतं. आयएफआयटीएम-3 त्यांतलंच. उलटा प्रयोगही केला, हे प्रथिन पेशीत जास्त भरलं. फ्लूची लागण कोसळलीच, पण डेंगी आणि वेस्ट नाइल या डासांमार्फत येणाऱ्या विषाणूंनाही त्यानं अडवलं. पुढे इतरांच्या प्रयोगांत इबोला, 2003 चा सार्स, झिका आणि चिकुनगुन्या यांची नावंही या यादीत आली. दर पावसाळ्यात डेंगी-चिकुनगुन्याच्या तापानं हैराण होणाऱ्या आपल्यासारख्यांना ही यादी वाचताना परकी वाटत नाही.

खरं तर या जनुकांच्या कुटुंबाची ओळख जुनी होती. 1984 मध्येच ती सापडली होती, तेव्हा त्यांना 9-27, 1-8यू अशी लॉकरच्या क्रमांकासारखी नावं होती. इंटरफेरॉन दिलं की ही जनुकं जोमानं चालू होतात, एवढं माहीत होतं. इंटरफेरॉनचा शोध त्याहून आधीचा, 1957 चा. लंडनच्या मिल हिल इथल्या संस्थेत अलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाचे तुकडे उष्णतेनं मारलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. नंतर त्या द्रवात नवे तुकडे ठेवले, तर त्यांना जिवंत विषाणूची लागण होईना. पेशींनी द्रवात काहीतरी सोडलं होतं, शेजाऱ्यांना सावध करणारं. तेच इंटरफेरॉन. एका वाड्यात चोर शिरला की ओरडा होतो आणि आळीतले सगळे कड्या लावून घेतात, तसं हे आहे. इंटरफेरॉन म्हणजे ओरडा. कडी कोणती, हे कळायला मात्र पुढची 50 वर्षं लागली. कड्या बऱ्याच आहेत, पण फ्लूच्या बाबतीत त्यांतली एक भक्कम कडी म्हणजे आयएफआयटीएम-3. पेशीतून हे प्रथिन काढून टाकलं, तर इंटरफेरॉनचा फ्लूविरोधी प्रभाव मोठ्या प्रमाणात ओसरतो.

आता हे प्रथिन जवळून पाहू. ते अवघ्या 133 अमिनो आम्लांचं आहे. प्रथिनांच्या जगात हा अगदीच लहान जीव. त्याचा एक भाग पटलात आरपार रोवलेला असतो आणि दुसरा एक भाग, स्क्रूच्या आट्यांसारखा पीळ पडलेला, पटलाच्या आतल्या पदरात आडवा रुतून बसतो. या आडव्या तुकड्याची एक बाजू स्निग्ध पदार्थांत रमते आणि दुसरी पाण्यात. त्यामुळे तो ना पूर्ण आत जातो ना बाहेर येतो, पाचरीसारखा अडकून राहतो. शिवाय प्रथिनाच्या तीन जागी स्निग्धाम्लाच्या शेपट्या जोडलेल्या असतात. हे पामिटिक आम्ल, पामतेलात असतं तेच. या शेपट्या पटलात खोवल्या गेल्यामुळे प्रथिनाची पकड घट्ट बसते. त्या तोडल्या की प्रथिनाचा जोर जातो.

असे कितीतरी रेणू एकमेकांना धरून पिशवीच्या भिंतीत बसले की भिंतीची लवचिकता जाते. थंडीत तुपाची बरणी उघडून पाहा. उन्हाळ्यात तुपाचे दोन थेंब शेजारी पडले तर वाहत जाऊन एक होतात. डिसेंबरच्या सकाळी तेच तूप थिजलेलं असतं आणि दोन गोळे कितीही जवळ दाबले तरी मधली रेघ राहतेच. आयएफआयटीएम-3 पिशवीच्या भिंतीला असंच काहीसं थिजवतं, आणि भिंतीला ज्या दिशेनं वाकायला हवं त्याच्या विरुद्ध दिशेनं ताणही देतं. विषाणूचा गळ रुततो, खिळा दुमडतो, समोरचे पदर जुळतातही. पण भोक पडत नाही.

हे नुसतं अनुमान नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात ग्रेगरी मेलिक्यान यांच्या गटानं विषाणूच्या आवरणाला एक चमकणारा रंग दिला, आतल्या भागाला दुसरा, आणि जिवंत पेशीत एकेका विषाणूवर सूक्ष्मदर्शकातून नजर ठेवली. आयएफआयटीएम-3 असलेल्या पेशींत आवरणाचा रंग पिशवीच्या भिंतीत पसरताना दिसला. म्हणजे पहिली जुळणी झाली. आतला रंग मात्र जागचा हलला नाही. दाराची चौकट लागली, पण दार उघडलं नाही, आणि पिशवी आपल्या गतीनं भट्टीकडे निघून गेली.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. हे प्रथिन तयार झाल्यावर आधी पेशीच्या बाहेरच्या पटलावर जातं आणि मग तिथून आत ओढलं जातं, विषाणू ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं. यासाठी त्याच्या अंगावर एक खूण असते, 20 व्या जागेवरचं टायरोसिन हे अमिनो आम्ल. ते एक अमिनो आम्ल बदललं की प्रथिन बाहेरच्या पटलावरच अडकून राहतं आणि फ्लूपुढे हतबल होतं. पहारेकरी आहे, हत्यारही आहे, पण तो चुकीच्या दारावर उभा आहे. याच कुटुंबातलं आयएफआयटीएम-1 मुळातच बाहेरच्या पटलावर राहतं आणि तिथून शिरणाऱ्या विषाणूंना अडवतं. दोन दारांना दोन राखणदार. आयएफआयटीएम-5 नावाचं तिसरं भावंड मात्र हाडाच्या पेशींत राहतं. त्यात विशिष्ट बिघाड झाला की ठिसूळ हाडांचा एक जन्मजात आजार होतो. विषाणूंशी त्याचा फारसा संबंध नाही.

आता पुन्हा त्या दोन भावंडांच्या प्रश्नाकडे वळू. 2012 मध्ये इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये पॉल केलम आणि सहकाऱ्यांनी हे जनुक नसलेले उंदीर घेतले आणि त्यांना फ्लूचा एक सौम्य विषाणू दिला. साध्या उंदरांचं वजन थोडं उतरलं, 20 टक्क्यांपेक्षा कमी, आणि ते बरे झाले. जनुक नसलेल्या उंदरांचं वजन सहा दिवसांत 25 टक्क्यांहून जास्त घटलं आणि त्यांच्या फुप्फुसांत गंभीर न्यूमोनिया पसरला. विषाणू तोच, जात तीच, पिंजरेही तसेच. फरक एका जनुकाचा.

माणसांचं काय? याच संशोधकांनी 2009 च्या साथीत ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 53 जणांचं हे जनुक वाचलं. त्याच्या एका अक्षरात होणारा विशिष्ट बदल, आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्हींकडून आलेला, या रुग्णांत अपेक्षेपेक्षा जास्त दिसला. युरोपात हा बदल दुर्मीळ आहे, पूर्व आशियात मात्र तो सर्रास आढळतो. म्हणून 2013 मध्ये बीजिंगच्या रुग्णांकडे पाहिलं गेलं. तिथे फ्लू गंभीर झालेल्यांपैकी 69 टक्के लोकांत हा दुहेरी बदल होता आणि सौम्य आजार झालेल्यांत 25 टक्के. आकडे वाचून वाटतं, सापडलं उत्तर! पण नंतर युरोपात झालेल्या अभ्यासांत हे नातं सातत्यानं दिसलं नाही, आणि तो बदल प्रथिनाला नेमका कसा अपंग करतो याबद्दलचा पहिला अंदाजही टिकला नाही. म्हणून कुणी 'तुमचं फ्लूचं जनुक तपासून देतो' म्हणालं तर त्यामागे धावू नये. उंदरांतला पुरावा ठणठणीत आहे, माणसांतला अजून वादात आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला हव्यात.

विषाणूही गप्प बसलेले नाहीत. आफ्रिकेतल्या लासा तापाच्या विषाणूला या प्रथिनानं काही फरक पडत नाही. सर्दी करणारा एक जुना करोना विषाणू, ओसी-43, तर उलट या कुटुंबाचा आत शिरण्यासाठी आधार घेतो. कोविडच्या विषाणूबाबत चित्र गुंतागुंतीचं आहे, कारण तो दोन वाटांनी शिरू शकतो, थेट पृष्ठभागावरून किंवा पिशवीतून. कुठली पेशी, कुठली वाट, विषाणूचा कुठला अवतार, त्यावर प्रयोगांचे निकाल बदलत आले आहेत. करोनाच्या कुळाला अडवण्यात एलवाय-6-ई नावाचं दुसरं एक प्रथिन जास्त ठामपणे पुढे आलं, 2020 मध्ये. तेही पटलांचं एक होणंच रोखतं.

एचआयव्हीची गोष्ट याहून रंजक. या विषाणूजवळ नेफ नावाचं एक प्रथिन आहे. नेफ काढून टाकलं की नव्यानं तयार झालेले विषाणू दिसायला ठीकठाक असतात, पण पुढच्या पेशीत त्यांना धड शिरता येत नाही. असं का, हे कोडं दोन दशकांहून जास्त काळ सुटत नव्हतं. 2015 मध्ये दोन गटांनी एकाच वेळी उत्तर दिलं. आपल्या पेशींच्या पटलात सेरिंक-5 नावाचं प्रथिन असतं. विषाणू बाहेर पडताना पेशीचं पटल अंगावर घेतो, हे वर आलंच आहे. त्या पटलासोबत सेरिंक-5 ही त्याच्या अंगावर येतं आणि पुढच्या दारात त्याला अडवतं. पेशी मरता मरता विषाणूच्या कपड्यातच कुलूप शिवून देते, असं म्हणता येईल. नेफचं काम एवढंच, की पटलावरून सेरिंक-5 आधीच उचलून आत ओढून घ्यायचं, म्हणजे कपडे बिनकुलपाचे मिळतील. आयएफआयटीएमची प्रथिनंही अशीच एचआयव्हीच्या अंगावर चढून त्याला दुबळं करतात, हेही आता माहीत आहे.

औषधांशीही या गोष्टीचा एक अनपेक्षित धागा आहे. 2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीनं, म्हणजे म्युकरमायकोसिसनं, थैमान घातलं. तेव्हा अँफोटेरिसिन बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक औषधांच्या दुकानांतून वणवण फिरत होते. हे औषध बुरशीच्या पटलात घुसून तिला भोकं पाडतं. पटलांशी खेळणारं औषध असल्यामुळे ते आपल्या पेशींच्या पटलांवरही काहीसा परिणाम करतं, आणि 2013 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, की त्याच्या उपस्थितीत आयएफआयटीएम-3 चं कुलूप निकामी होतं. हे औषध दिलेल्या उंदरांना फ्लू जास्त भोवला. थिजलेलं तूप जणू पुन्हा पातळ झालं. म्युकरमायकोसिसमध्ये हे इंजेक्शन जीव वाचवतं आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर ते घ्यायलाच हवं, यात शंका नको. पण भिंत कडक करून विषाणू अडवला जातो, या कल्पनेला या प्रयोगानं वेगळ्याच बाजूनं बळ दिलं.

इतकं उपयोगी प्रथिन आहे, तर पेशी ते कायम भरपूर का ठेवत नाहीत? इंटरफेरॉनच्या हाकेची वाट का पाहायची? काही पेशी वाट पाहत नाहीतही. फुप्फुसात मुक्काम ठोकून राहिलेल्या स्मरण-टी-पेशी, म्हणजे आधीच्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी, आयएफआयटीएम-3 सतत बाळगून असतात, आणि मूळपेशीही या कुटुंबातली काही प्रथिनं कायम तयार ठेवतात. बाकीच्या पेशी ते गरजेपुरतंच करतात. त्याचं कारण वारेत सापडतं.

आईच्या पोटात बाळ वाढतं तेव्हा वारेच्या बाहेरच्या थरातल्या असंख्य पेशी एकमेकींत मिसळून जातात. मधल्या भिंती विरघळतात आणि एक सलग, अखंड पापुद्रा तयार होतो. याच पापुद्र्यातून आईच्या रक्तातला प्राणवायू आणि अन्न बाळाकडे जातं. पेशींना एक करण्याचं हे काम सिन्सिटिन नावाची प्रथिनं करतात, आणि ही प्रथिनं मुळात विषाणूंची आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकांत शिरून तिथेच राहिलेल्या विषाणूंचे ते गळ आहेत, आता आपल्या कामाला लागलेले. फ्लूचा खिळा दोन पटलं जशी जवळ ओढतो, तशीच तीही ओढतात.

2019 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं, की आयएफआयटीएम प्रथिनं वाढली की सिन्सिटिनचं काम थांबतं. आतला आणि बाहेरचा, घरचा आणि परका, हा भेद त्यांना कळत नाही. त्यांना फक्त दोन पटलांची जुळणी कळते आणि ती ते रोखतात. गाभण उंदरांना शरीरात इंटरफेरॉन उसळवणारा एक पदार्थ दिला तेव्हा त्यांची वार नीट घडली नाही आणि गर्भ दगावले. ज्या गर्भांत आयएफआयटीएमची जनुकंच नव्हती, ते याच माऱ्यातून वाचले. गरोदरपणात झालेल्या काही संसर्गांमध्ये विषाणू गर्भापर्यंत पोचला नाही तरी वारेला इजा का होते, याचा माग आता या दिशेनं घेतला जातोय.